चार मैदाने, एक आराखडा

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही नावे आपण चार वेगवेगळ्या जागांची म्हणून घेतो. मुळात ती सगळी एकच जमीन. मुंबईच्या कोटाच्या, म्हणजे आजच्या फोर्ट भागाच्या, तटबंदीसमोर तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून इंग्रजांनी इथली घरे आणि झाडे काढून टाकली होती. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी जागा आणखी रुंद करून ८०० यार्डांपर्यंत नेली. पुढे १८६०च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, तट पाडले. रस्ते आखले गेले आणि या मोकळ्या जागेचे, म्हणजे एस्प्लनेडचे, तुकडे पडले. आज त्या तुकड्यांना वेगवेगळी कुंपणे आहेत, वेगवेगळे ताबेदार आहेत आणि वेगवेगळे नियम आहेत. हा सगळा हिरवा पट्टा पुन्हा एकत्र धरून त्याच्या नूतनीकरणाचा आराखडा करायचा, या कामात मी गेली काही वर्षे आहे. ते काम कसे चालले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. शहरात इतरत्र असेच काही करू पाहणाऱ्यांना त्यातले थोडेफार उपयोगी पडेल.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, गिरगावात वाढले. आमच्या गटात वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, पाण्याच्या कामात आयुष्य घालवलेले एक सिव्हिल इंजिनीअर आहेत, आर्किटेक्चरचे काही विद्यार्थी आहेत आणि एक जुने क्लब क्रिकेटपटू आहेत. या शेवटच्या गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांच्याविना हा आराखडा कागदावरही आला नसता. मैदानावरच्या क्रिकेट क्लबांच्या तंबूतल्या माणसांशी आणि माळ्यांशी बोलायचे कसे, हे त्यांनाच ठाऊक होते.

अशा कामाची सुरुवात चित्राने करायची नसते. लोक पहिल्याच बैठकीत विचारतात, "काय बसवणार तुम्ही तिथे?" आम्ही ठरवले होते की पहिले वर्षभर काहीच सुचवायचे नाही. जे आहे ते मोजायचे. पावसाळ्यात, हिवाळ्यात, एप्रिल-मेच्या रखरखाटात, सुट्टीच्या दिवशी आणि ऑफिसच्या दिवशी ही मैदाने कशी वागतात, ते बघायचे.

झाडांपासून सुरुवात केली. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर, उंचीचा अंदाज, फांद्यांचा पसारा आणि प्रकृती अशी नोंद. प्राध्यापक प्रत्येक बुंध्यापाशी थांबायचे, सालीवर थाप मारून आवाज ऐकायचे आणि मगच विद्यार्थ्यांना लिहू द्यायचे. आत पोकळ झालेल्या खोडाचा आवाज वेगळाच येतो, तो काही दिवसांनी आम्हालाही कळू लागला. पर्जन्यवृक्षांची काळजी सर्वांत जास्त वाटली. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झाड मुंबईच्या रस्त्यांवर इतके रुळले आहे की ते परके वाटतच नाही. गेल्या दशकभरात पिठ्या ढेकणाने शहरातले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळवून टाकले. फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसला की आमच्या वहीत लाल खूण पडायची.

कीड हे मात्र अर्धेच कारण होते. उरलेले अर्धे कारण बुंध्याशीच दिसत होते. मैदानांच्या कडेने फूटपाथ करताना पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट थेट खोडाला भिडवलेले होते. एका मोठ्या झाडाच्या बुंध्यात तर सिमेंटचा कडा सालीत रुतला होता आणि झाडाने त्याच्यावर ओठासारखी साल वाढवून तो अर्धा गिळला होता. त्याच खोडात दिव्यांच्या माळांचे खिळे, पोस्टरच्या तारा आणि कधीकाळचा लोखंडी हूक. अशा झाडाच्या मुळांना पाणी मिळत नाही, हवाही मिळत नाही. जूनच्या पहिल्या वाऱ्यात ते आडवे झाले की पेपरात 'झाड कोसळले' एवढेच छापून येते. आमच्या आराखड्यातली पहिली ओळ त्याच दिवशी ठरली: प्रत्येक बुंध्याभोवती किमान एक मीटर उघडी माती, आणि जिथे जागा आहे तिथे त्याहून जास्त.

माती आणि पाणी हा पुढचा टप्पा. त्यात आमचा सर्वांत जास्त वेळ गेला आणि मला स्वतःला सर्वांत जास्त शिकायला मिळाले.

पाणी जमिनीत किती वेगाने मुरते, हे पाहायची साधी पद्धत आहे. लोखंडी कडे जमिनीत काही इंच ठोकायचे, त्यात ठरावीक पाणी ओतायचे आणि घड्याळ लावून पाण्याची पातळी किती उतरते ते बघायचे. ओव्हलवर आम्ही कडे ठोकत होतो तेव्हा एक माळीमामा रोलरला टेकून बराच वेळ बघत होते. राजापूरकडचे, तीसेक वर्षे मैदानावर काढलेली. शेवटी न राहवून म्हणाले, "ताई, इथे नका ओतू. इथलं पाणी सांजपर्यंत हलायचं नाही. तिकडे त्या कुंपणाकडे ओता, बघा कसं पितंय ते." तसेच झाले. पिचेसच्या मधल्या पायवाटेवर पाणी जवळजवळ तसेच उभे राहिले. कुंपणालगत, जिथे पालापाचोळा पडून कुजलेला होता, तिथे कडे भरताभरता रिकामे होत होते.

मग आम्ही मामांनाच नकाशा दाखवला. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता, पण पायांनी सगळा पाठ होता. कुठे तळे साचते, कुठे दोन दिवस चिखल राहतो, कुठल्या पिचवर पावसाळ्यात ताडपत्री टाकूनही खालून ओल येते, सगळे. पिचची माती काळी चिकण, बाहेरून आणलेली, थरांवर थर देऊन रोलरने दाबलेली. ती पाणी मुरू देणार नाही, आणि खेळाला तशीच लागते. आजूबाजूच्या मैदानाची माती मात्र मोकळी राहायला हवी, आणि वर्षानुवर्षांच्या मंडप, ट्रक, सभा, स्टॉल यांच्या ओझ्याने तीही पिचइतकीच घट्ट झाली आहे. एका बांधकामासाठी कित्येक वर्षे पत्र्यांआड राहिलेला एक पट्टा तर आम्हाला पहारीनेसुद्धा उकरता येईना. वर हिरवळीचा पातळ थर, खाली राडारोडा.

कुलाब्याला वर्षाला सरासरी सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. ओव्हल साधारण २२ एकरांचे. म्हणजे एका पावसाळ्यात केवळ या एका मैदानावर साडेएकोणीस कोटी लिटरच्या घरात पाणी पडते. यातले किती जमिनीत जाते आणि किती गटारातून समुद्रात, हा प्रश्न मातीच्या वरच्या वीतभर थरावर ठरतो. आमच्या इंजिनीअर सरांनी हा हिशेब एका बैठकीत फळ्यावर मांडला, तेव्हा पहिल्यांदाच सगळे गप्प बसून ऐकत होते.

आणि हे पाणी कुठे जाते, त्याचा पुरावा क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरच आहे. भिका बेहराम विहीर १७२५ साली खोदली गेली. समुद्र इतका जवळ, तरी तिचे पाणी गोडे. पारशी समाज तिला पवित्र मानतो आणि जपतो. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर टिकायचा तर त्याला वरून दरवर्षी पाऊस पोचला पाहिजे. आजूबाजूला डांबर आणि फरशी आहे. पाणी आत जाऊ शकेल अशी मोठी उघडी जमीन ती या मैदानांचीच.

म्हणूनच एका बैठकीत मैदानांखाली वाहनतळ करण्याची सूचना आली तेव्हा मी तिला कडाडून विरोध केला. सूचना करणारे गृहस्थ भल्या हेतूने बोलत होते. फोर्टात गाड्यांना जागा नाही, वर मैदान तसेच राहील, खाली गाड्या राहतील, कुणाचे काही जाणार नाही, असा त्यांचा मुद्दा. पण स्लॅबवर टाकलेल्या मीटर-दीड मीटर मातीत हिरवळ येते, मोठे झाड उभे राहत नाही. पाऊस स्लॅबवर अडतो आणि पाइपातून गटारात जातो. उतार, जिने, हवेच्या चिमण्या आणि आगीच्या बंबाची वाट या सगळ्यासाठी वरची जमीन लागतेच. वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखालच्या वाहनतळाला २०२३ साली तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, तो याच कारणांसाठी. जिथे दर माणशी दीड चौरस मीटरही मोकळी सार्वजनिक जागा येत नाही, त्या शहराने आपली जुनी जमीन पोकळ करू नये. हे मी बैठकीत बोलले आणि आराखड्यातही स्पष्ट लिहिले.

बैठकांबद्दल थोडे सांगायला हवे. सकाळी फिरणाऱ्यांना ट्रॅक हवा होता. क्रिकेटवाल्यांना ट्रॅक नको होता, कारण तो सीमारेषा खातो. आझाद मैदानावर २२ पिचेस आहेत. रविवारी एका सामन्याचा स्लिपमधला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाशेजारी उभा असतो. याच मैदानावर फेब्रुवारी १९८८मध्ये सचिन आणि विनोद कांबळीने शाळेसाठी ६६४ धावांची भागी केली. काकांनी हे सगळे अतिशय शांतपणे मांडले, आणि मग १९४८पासून पावसात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीग या क्रिकेट स्पर्धेची गोष्ट सांगून म्हणाले, "आम्हाला स्टेडियम नको. पाणी निघून जाईल एवढं मैदान द्या, आणि मुलांना प्यायला नळ द्या." फिरणाऱ्यांमधल्या एका बाईंनी तिथेच विचारले की मग आम्ही कुठून चालायचे. त्यातून तोडगा निघाला: झाडांच्या सावलीतून, कुंपणाला लागून, मुरुमाची कच्ची वाट. फरशी नाही, रबराचा ट्रॅक नाही. झाडांच्या मुळांनाही ती चालते.

सर्वांत अवघड प्रश्न वृक्षारोपणाचा होता, आणि तो आमच्या हितचिंतकांकडूनच आला. हिरवा पट्टा नवा करायचा म्हणजे झाडे लावायची, असे सगळ्यांना वाटते. शाळा, बँका, क्लब, सगळे रोपे घेऊन यायला तयार होते. ओव्हलच्या मध्यावर झाड लावायचे नाही, हे पटवून देणे फार जड गेले. ओव्हलच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर; पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. ३० जून २०१८ रोजी हा सगळा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दोन शतकांची ही वास्तुकला एकमेकींसमोर उभी दिसते ती मधली जमीन मोकळी आहे म्हणून. इथली मोकळीक हाच वारसा आहे. मध्ये झाडांची राई उभी केली तर दोन्ही बाजू एकमेकींना दिसणार नाहीत, आणि क्रिकेट तर संपलेच. म्हणून आम्ही लागवड कडेला ठेवली. गेलेल्या झाडांच्या जागी वड, करंज, उंडी, बकुळ, ताम्हण. खारा वारा सोसणारी, किनाऱ्याच्या मातीतली झाडे. एकाच जातीची रांग कुठेही नाही, म्हणजे एक कीड आली तर सगळी सावली एकदम जाणार नाही.

"मोकळं ठेवलंत तर कुणीतरी येऊन काहीतरी बांधेल," ही भीती एका आजोबांनी बोलून दाखवली. ती खरी आहे. मुंबईत रिकामी जागा कुणाला सहन होत नाही. पण नव्वदच्या दशकात ओव्हलची पार दुर्दशा झाली होती, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी हायकोर्टात दाद मागितली आणि देखभाल स्वतःच्या संघटनेकडे घेऊन ते मैदान परत उभे केले. मैदान वाचते ते रोज वापरणाऱ्यांमुळे. सकाळचा फिरणारा, दुपारी ओव्हलच्या मधल्या वाटेने चर्चगेटहून कोर्टाकडे जाणारा, संध्याकाळी क्रिकेटच्या नेटवर सरावाला येणारा मुलगा, हे सगळे राखणदार आहेत. म्हणून कुंपणाची दारे जास्त आणि जास्त वेळ उघडी राहावीत, असे आम्ही लिहिले. याला विरोध झाला, अजूनही आहे. मी माझे मत बदललेले नाही.

आझाद मैदानाचे प्रकरण निराळे. तिथे १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोन शिपायांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. पुढे स्वातंत्र्यलढ्याच्या सभा तिथेच झाल्या. मार्च २०१८मध्ये नाशिकहून चालत आलेले हजारो शेतकरी, पायांना फोड आलेले, तिथेच विसावले. राज्यभरातून माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन येतात ती इथेच. आमच्यापुढे आलेल्या एका जुन्या संकल्पचित्रात आंदोलनाची जागा फुलझाडांच्या वाफ्यांनी भरून टाकलेली होती. आम्ही नेमके उलट केले. त्या भागात सावली, पिण्याचे पाणी, दिवे आणि बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे यांना आराखड्यात सर्वांत वरचे स्थान दिले. अंगणवाडीच्या ताया तिथे उन्हात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. दिवसभर पाणी न पिता बसतात, कारण जायला जागा नाही. या मैदानाच्या नूतनीकरणात हे आधी आणि बाकी सगळे नंतर.

कार्यालयांची कथा थोडक्यात सांगते, कारण ती सगळीकडे सारखीच असते. जमीन एकाची, देखभाल दुसऱ्याची, झाडे तिसऱ्याच्या अखत्यारीत, फूटपाथ चौथ्याचा, आणि जिमखान्यांचे भाडेपट्टे वेगळेच. एका कार्यालयात आमची फाइल महिनोन् महिने एकाच टेबलावर राहिली. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण अधिकारीबाईंनी सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर चारही मैदाने चालून पाहिली आणि टिपणे काढली. त्यांच्यामुळेच पुढचे दरवाजे उघडले. झाडांबाबत १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे. आमची घेरांची वही तिथे उपयोगी पडली. कुठली झाडे त्या व्याख्येत बसू शकतात याची यादी आम्हाला हाती देता आली. बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५पासून आहे, त्यामुळे वारसा समितीपुढे मांडणी करताना जुने नकाशे, फोटो आणि दृश्यरेषांची रेखाटने जोडावी लागली. हे विद्यार्थ्यांनी केले आणि फार सुंदर केले.

सर्वांत मोठी मागणी मात्र एकाच ओळीची होती: चारही मैदानांसाठी एक देखरेख समिती, जिच्यात क्लब, रहिवासी, माळी आणि फेरीवाले यांचे प्रतिनिधी बसतील, आणि मैदान दिवसभरासाठी कुणाला द्यायचे हे जिच्या वर्षभराच्या वेळापत्रकावर ठरेल. मातीला विश्रांती लागते. मोठा मंडप उठला की पुढचे काही आठवडे ती जागा नांगरून, शेणखत घालून, पाणी देऊन मोकळी सोडायची. हे वेळापत्रकात नसेल तर बाकीचा आराखडा दोन वर्षांत मातीमोल होईल.

या मागणीचे उत्तर अजून आलेले नाही. बुंध्याभोवतालचे सिमेंट काढण्याला मात्र होकार मिळाला, आणि काम क्रॉस मैदानाच्या बाजूने सुरू झाले. मशीन लावायचे नाही, छिन्नी-हातोड्यानेच फोडायचे, अशी अट आम्ही घातली होती, कारण मशीनच्या दणक्याने मुळे तुटतात. मजुरांबरोबर प्राध्यापक स्वतः उभे होते. पहिल्या झाडाखालचा सिमेंटचा तुकडा उचलला तेव्हा खाली माती कोरडी ठक्क, पांढरट, आणि तिच्यात केसासारखी बारीक मुळे वरच्या दिशेने, सिमेंटच्या फटीकडे वळलेली. तिथे पालापाचोळ्याचे खत घालून पाणी सोडले. पावसाळ्याआधी ती संपूर्ण रांग पुरी करायची आहे. नंतर आझाद मैदानाची बाजू. स्वच्छतागृहांच्या जागेसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे. तिला यावेळी आंदोलनांना येणाऱ्या संघटनांच्या बायकांनाही बोलावले आहे.